जुन्या बीएमएक्सला नवी चाके: ‘वीस इंच’ हे माप नव्हे, केवळ नाव

पापनाशम (जि. तंजावर) : तमिळनाडूत पापनाशम नावाची दोन ठिकाणे प्रसिद्ध आहेत. एक तिरुनेलवेली जिल्ह्यात, ताम्रपर्णी नदीच्या काठी, पश्चिम घाटाच्या पायथ्याशी. दुसरे तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात. नाव एकच, पण दोहोंमध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर आहे. नुसत्या नावावर विसंबून तिकीट काढणारा प्रवासी भलत्याच गावी पोहोचू शकतो. सायकलच्या चाकांच्या बाबतीतही नेमके हेच घडते. ‘वीस इंची चाक’ या एकाच नावाखाली एकमेकांना न जुळणारी अनेक मापे बाजारात नांदत आहेत. जुन्या बीएमएक्स सायकलला नवी चाके बसवताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या नामसाधर्म्यात आहे.

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम हे तंजावर-कुंभकोणम मार्गावरील तालुक्याचे गाव. १८५५ मध्ये संपुष्टात आलेल्या तंजावरच्या भोसले घराण्याच्या राज्याचा हा मुलूख मराठी वाचकांना इतिहासातून परिचित आहे. भातशेतीचा हा प्रदेश सपाट असल्याने येथे सायकल चालवणे सोपे जाते. तमिळनाडू सरकारने २००१-०२ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या अकरावीतील विद्यार्थिनींसाठी मोफत सायकल योजना सुरू केली आणि पुढे सरकारी व अनुदानित शाळांतील मुलामुलींना तिचा लाभ दिला. त्यामुळे शाळेच्या वाटेवरील सायकल हे राज्यातील नित्याचे दृश्य झाले.

अशा गावांतील दुरुस्तीच्या दुकानांचा मुख्य व्यवहार मोठ्या चाकांच्या साध्या सायकलींचा असतो. माळ्यावरून काढलेली, काका-मामांच्या लहानपणची बीएमएक्स दुकानात आली की अडचण सुरू होते. गंजलेल्या चाकाला पर्याय म्हणून जे वीस इंची चाक हाताशी असेल ते बसवून पाहिले जाते. ते फिरतेही. परंतु चाक फिरणे आणि चाक योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातला फरक पहिल्या जोरदार ब्रेकच्या वेळी कळतो आणि तेव्हा सायकलवर मूल बसलेले असते.

बीएमएक्स म्हणजे काय?

बायसिकल मोटोक्रॉस या शब्दांचे संक्षिप्त रूप म्हणजे बीएमएक्स. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी मुले मोटारसायकलींच्या मातीच्या शर्यतींची नक्कल लहान सायकलींवर करू लागली. त्यातून हा प्रकार जन्माला आला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीएमएक्स शर्यतीचा प्रथम समावेश झाला. कसरतींचा प्रकार टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ मध्ये, आला.

भारतात या वळणाच्या लहान, दणकट सायकली मुलांच्या बाजारपेठेत रुजल्या त्या खेळापेक्षा त्यांच्या रूपामुळे. उंच हँडल, त्यावरील आडवी दांडी, जाड खाचांचे टायर आणि एकच गिअर ही त्यांची ओळख. पोलादी सांगाडा बहुधा दशकानुदशके टिकतो. आधी खराब होतात ती चाके. रिमचा मुलामा उडतो, आरे गंजतात, हबमधील छर्रे झिजतात. म्हणूनच जुनी बीएमएक्स पुन्हा वापरात आणताना पहिला खर्च बहुधा चाकांवर होतो.

वीस इंच, पण कोणते?

सायकलच्या चाकाचे ‘वीस इंच’ हे माप रिमचे नसते. टायर चढवून हवा भरल्यानंतर चाकाचा बाहेरील व्यास ढोबळमानाने किती होतो, त्यावरून हे नाव पडले आहे. टायर जाड असेल तर आतली रिम लहान असावी लागते आणि टायर बारीक असेल तर रिम मोठी. दोन्ही चाके बाहेरून वीस इंचांच्या आसपास भरतात. त्यांच्या रिम मात्र वेगळ्या असतात.

हा गोंधळ टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आयएसओ ५७७५ या मानकात दोन आकड्यांची पद्धत स्वीकारण्यात आली आहे. टायरच्या बाजूवर ‘४७-४०६’ असे आकडे उमटवलेले असतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा, अधिक महत्त्वाचा आकडा, टायरची कड रिमवर जेथे बसते त्या बैठकीचा व्यास सांगतो. हा दुसरा आकडा जुळला तरच टायर आणि रिम एकमेकांचे.

बहुतेक बीएमएक्स सायकलींच्या चाकांची बैठक ४०६ मिलिमीटर असते. त्यांच्या टायरवर २० × १.७५, २० × १.९५ किंवा २० × २.१२५ असे दशांश चिन्हातील माप आढळते. वजनाने हलक्या स्वारांसाठी बनलेल्या शर्यतीच्या काही बीएमएक्सवर बारीक टायर असत. त्यांची बैठक ४५१ मिलिमीटरची असून टायरवर २० × १-१/८ किंवा २० × १-३/८ असे अपूर्णांकातील माप छापलेले असते. २० × १-३/८ हेच माप छापलेले काही ब्रिटिश धाटणीचे टायर ४३८ मिलिमीटर बैठकीचेही असतात.

येथे गणिताचा नियमही उपयोगी पडत नाही. पावणेदोन इंच दशांशात १.७५ लिहा किंवा अपूर्णांकात १-३/४ लिहा, गणिताच्या वहीत किंमत एकच. टायरच्या जगात मात्र २० × १.७५ म्हणजे ४०६ मिलिमीटर आणि २० × १-३/४ म्हणजे ४१९ मिलिमीटर. पहिला टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. दशांशाचे माप अपूर्णांकाच्या मापाला पर्याय ठरत नाही, हे यातून लक्षात ठेवण्याजोगे सूत्र होय.

चूक नेमकी कशी होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ४७-४०६ चाकाचा बाहेरील व्यास सुमारे ५०० मिलिमीटर भरतो, तर ३७-४५१ चाकाचा सुमारे ५२५ मिलिमीटर. म्हणजे मध्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत फरक केवळ बारा-साडेबारा मिलिमीटरचा. चिमट्यात तेवढी जागा बहुधा असते, म्हणून चाक सहज बसते आणि फिरते. परंतु ब्रेकचे रबर टायरला नव्हे, रिमला लागायचे असते. दोन्ही रिमच्या व्यासांत ४५ मिलिमीटरचा, म्हणजे एका बाजूला साडेबावीस मिलिमीटरचा फरक असतो. ब्रेकचे रबर खाली-वर सरकवण्याची सोय सहसा इतकी नसते. ४०६ साठी बनलेल्या सायकलला ४५१ चे चाक लावले तर रबर रिमच्या आत, आऱ्यांच्या दिशेने जाते. उलट प्रकारात ते टायरवर घासते आणि काही दिवसांत टायर फाडते. पुढच्या चाकात रबर आऱ्यांत अडकले तर चाक क्षणात थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो.

म्हणून पहिली पायरी साधी आहे. जुना टायर फेकून देण्यापूर्वी त्याच्या बाजूवरील दोन आकड्यांची नोंद करून घ्यावी. अक्षरे पुसली गेली असतील तर जुनी रिमच सोबत न्यावी. पापनाशमहून कुंभकोणम सुमारे १५ आणि तंजावर सुमारे २५ किलोमीटर दूर आहे. चुकीच्या मापाचे चाक परत करण्यासाठी तेवढी खेप पुन्हा घालण्यापेक्षा गंजलेली रिम बरोबर नेणे सोयीचे.

आसाची जाडी आणि हबची रुंदी

रिम जुळली तरी काम संपत नाही. चाकाचा आस सायकलच्या खाचेत बसला पाहिजे. पुढच्या चाकाचे आस प्रामुख्याने दोन जाडींचे आढळतात: ५/१६ इंच, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर, आणि ३/८ इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर. दुसऱ्याला दुकानात ‘दहाचा’ म्हणण्याची पद्धत आहे. कसरतींसाठी बनलेल्या नंतरच्या बीएमएक्सच्या मागच्या चाकाला बहुधा १४ मिलिमीटरचा जाड आस असतो. जुन्या सांगाड्याची मागची खाच दहाच्या आसासाठी कापलेली असेल, तर असे नवे चाक त्यात जाणार नाही.

अशा वेळी खाच कानशीने घासून रुंद करण्याचा सोपा मार्ग सुचवला जातो. पुढच्या चिमट्याबाबत तो विशेष धोक्याचा आहे. चिमट्याच्या टोकाशी धातू मुळातच थोडा असतो. तो आणखी कमी केला की उड्या आणि खड्डे यांचा भार नेमका त्या जागी पडतो. तडा बाहेरून दिसण्याआधी आत वाढत जातो. त्यामुळे खाच बदलण्याऐवजी त्या खाचेत बसेल असा हब निवडणे श्रेयस्कर ठरते. उलट प्रकारात, खाच १४ ची आणि आस दहाचा असल्यास, मधली पोकळी भरून काढणारे खास वॉशर वापरता येतात.

दुसरे माप म्हणजे चिमट्याच्या दोन टोकांमधील आतले अंतर. बीएमएक्समध्ये ते पुढे सामान्यतः १०० आणि मागे ११० मिलिमीटर असते. मुलांच्या स्वस्त सायकलींत ते कमीही असू शकते. जुने चाक काढून साध्या पट्टीने हे अंतर मोजता येते. दोन-चार मिलिमीटरची तफावत वॉशरने भागते. त्याहून अधिक असेल तर चिमटा ताणून चाक कोंबू नये. चिमटा वाकल्यास चाक सायकलच्या मध्यरेषेत राहत नाही.

मागचे चाक आणि दात्यांचे गणित

मागच्या चाकात आणखी एक पेच असतो. जुन्या बीएमएक्सच्या हबवर फ्रीव्हील आट्यांनी फिरवून बसवले जाते. या आट्यांचे प्रचलित माप १.३७५ इंच व्यास आणि दर इंचाला २४ आटे असे आहे. त्यावर साधारणतः १६ किंवा त्याहून अधिक दात्यांचे फ्रीव्हील बसते. काही हबांच्या दुसऱ्या बाजूला ३० मिलिमीटरचे लहान आटे असतात. ते कमी दात्यांच्या फ्रीव्हीलसाठी असून दोन्ही प्रकार परस्परांत अदलाबदल करता येत नाहीत.

अलीकडच्या बीएमएक्सच्या मागच्या हबमध्ये मात्र फ्रीव्हील वेगळे नसते. हबमध्येच बहुधा ९ दात्यांचे लहान चक्र असते आणि पुढे २५ दात्यांचे चक्र वापरले जाते. जुन्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १६ दाते ही जोडी सर्रास असे. दोन्हींचे गुणोत्तर जवळपास सारखेच आहे: ४४ भागिले १६ म्हणजे २.७५ आणि २५ भागिले ९ म्हणजे सुमारे २.७८. परंतु पुढचे ४४ दाते तसेच ठेवून मागे ९ दात्यांचे नवे चाक लावले, तर गुणोत्तर जवळपास ४.९ होते. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेचार मीटरांहून किंचित कमी जाण्याऐवजी पावणेआठ मीटर जाऊ पाहते. थांबलेल्या सायकलवर निघताना मुलाला पायडल दाबणेच अशक्य होऊन बसते. अशा वेळी पुढचे चक्र आणि साखळीही बदलावी लागते. हा खर्च चाकाच्या किमतीत आधीच धरलेला बरा.

ब्रेक नेमका कोठे आहे?

चाक विकत घेण्यापूर्वी सायकलचा ब्रेक कोठे आहे, हे तपासणे अत्यावश्यक आहे. काही जुन्या बीएमएक्सच्या मागच्या हबमध्येच ब्रेक असतो. पायडल उलटे फिरवले की तो लागतो. अशा सायकलच्या हँडलवर ब्रेकची मूठ नसण्याची शक्यता असते. तिचे मागचे चाक काढून साध्या फ्रीव्हीलचे चाक बसवले की सायकलचा एकमेव ब्रेक चाकाबरोबर निघून जातो. दुकानातून बाहेर पडेपर्यंत ही बाब कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पायडल मारण्यात फरक जाणवत नाही. असे चाक बदलायचे असल्यास पुन्हा उलट-पायडल ब्रेकचाच हब घ्यावा किंवा सांगाड्याला रिमचा ब्रेक बसवण्याची सोय आहे, याची खात्री करावी. असा हब बसवताना त्याच्या बाजूची ब्रेक-पट्टी सांगाड्याच्या दांडीला घट्ट बांधणे विसरू नये.

रिमला लागणारे ब्रेक असतील तर नव्या रिमच्या दोन्ही बाजू सपाट आणि ब्रेकच्या घर्षणासाठी बनलेल्या हव्यात. ब्रेकविना कसरती करणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत रिमवर ब्रेकचे रबर नीट पकड घेत नाही आणि रंगही खरवडला जातो.

पोलाद की ॲल्युमिनियम?

या निवडीत पापनाशमचे हवामान निर्णायक ठरते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा पावसाळा असतो. तमिळनाडूच्या किनारी भागात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पडतो. म्हणजे शाळा भरात असताना रस्ते ओले असतात. कोकणातील किंवा गोव्यातील पालकांची स्थितीही जून-जुलैमध्ये अशीच असते.

जुन्या सायकलींच्या चकचकीत पोलादी रिमवर क्रोमियमचा मुलामा असतो. कोरड्या हवेत तो ठीक काम देतो. पाण्याचा पातळ थर बसला की गुळगुळीत क्रोमियमवर रबराची पकड फार कमी होते आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम ओली असतानाही तुलनेने चांगली पकड देते, गंजत नाही आणि वजनालाही हलकी असते. त्यामुळे पावसाळी प्रदेशात जुन्या बीएमएक्सला चाके बदलायचीच असतील, तर ॲल्युमिनियमच्या रिम निवडण्यास सबळ कारण आहे. ब्रेकचे रबरही ॲल्युमिनियमसाठी योग्य असे नवे घ्यावे. पोलादी रिमच ठेवायची असेल तर चामड्याची पट्टी असलेले ब्रेकपॅड ओल्या पोलादावर साध्या रबरापेक्षा बरे काम करतात.

ॲल्युमिनियमच्या रिममध्येही एकेरी आणि दुहेरी भिंतीच्या, असे दोन प्रकार असतात. शाळा-बाजाराच्या वापराला एकेरी पुरेशी होते. उड्या मारणाऱ्या मुलासाठी दुहेरी भिंतीची आणि ३६ आऱ्यांची रिम घ्यावी. ४८ आऱ्यांची चाके कसरतींच्या जोरकस वापरासाठी असतात. त्यांचे वजन साध्या स्वाराच्या उपयोगाचे नाही.

आऱ्यांऐवजी पाच पाकळ्यांची प्लास्टिकची चाके हेही जुन्या बीएमएक्सचे एक वैशिष्ट्य. कॅलिफोर्नियातील स्कायवे कंपनीची ‘टफ व्हील’ ही नायलॉनची चाके या प्रकारात सर्वाधिक प्रसिद्ध आहेत. त्यांना गंज लागत नाही आणि आरे तुटण्याचा प्रश्न नसतो. मात्र चाक वाकडे झाल्यास आरे कसून त्याचा ‘आऊट’ काढता येत नाही. वर्षानुवर्षे उन्हात पडलेल्या प्लास्टिकला पाकळीच्या मुळाशी बारीक चिरा पडल्या असतील, तर ते चाक शोभेपुरतेच ठेवावे.

बदलावे की दुरुस्त करावे?

प्रत्येक जुने चाक टाकाऊ नसते. हब शाबूत असेल तर केवळ रिम आणि आरे बदलून चाक नव्याने बांधता येते. त्यासाठी नव्या रिमची छिद्रे हबच्या छिद्रांइतकीच हवीत. भारतातील पारंपरिक मोठ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे असतात, तर बीएमएक्सला बहुधा ३६. त्यामुळे दुकानातील नेहमीचे सुटे भाग येथे चालतीलच असे नाही. रिमची खोली बदलली की आऱ्यांची लांबीही बदलते. म्हणून जुने आरे नव्या रिमवर वापरण्याचा मोह टाळावा.

या पर्यायाचा एक मोठा लाभ आहे. जुना हब त्या सांगाड्यात बसतो हे आधीच सिद्ध झालेले असते. आसाची जाडी, हबची रुंदी आणि फ्रीव्हीलचे आटे हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. चाक बांधून आऊट काढणारा कुशल कारागीर गावात असेल तर हा मार्ग बहुधा सर्वांत बिनधोक ठरतो. जपानच्या अराया कंपनीच्या जुन्या बीएमएक्स रिमसारखे मूळ भाग संग्राहक जपून ठेवतात. तेव्हा काढलेले भाग भंगारात देण्यापूर्वी त्यांवरील नावे एकदा वाचून पाहावीत.

चाक बसवल्यानंतर

नवे चाक बसवल्यावर ते हाताने फिरवून रिम ब्रेकच्या रबरांमध्ये डावी-उजवीकडे हलते का, हे पाहावे. चाक पकडून बाजूला हलवले असता आसात ढिलेपणा जाणवू नये. टायर आणि सांगाडा यांत सर्व बाजूंनी बोट जाईल इतकी जागा असावी. हल्लीचे रुंद टायर जुन्या सांगाड्याला घासण्याची शक्यता असते. पुढच्या आसाला चिमट्यात अडकणारे सुरक्षा-वॉशर असतील तर ते काढून टाकू नयेत. नट सैल झाला तरी चाक खाली पडू नये, यासाठीच ते असतात. नवे आरे पहिल्या काही दिवसांत बसतात आणि किंचित सैल होतात. म्हणून एक-दोन आठवड्यांनी चाक पुन्हा कारागिराकडे नेऊन आरे आणि नट कसून घ्यावेत.

शेवटची चाचणी रहदारीपासून दूर, मोकळ्या जागेत आणि मोठ्या माणसाने घ्यावी. आधी कोरड्या रिमवर आणि मग रिमवर पाणी टाकून ब्रेक दाबून पाहावा. दोन्ही वेळा सायकल किती अंतरात थांबते हे पाहिल्याशिवाय ती मुलाच्या हाती देऊ नये.

थोडक्यात, दुकानात ‘वीस इंची चाक द्या’ एवढेच सांगणे म्हणजे स्थानकावर नुसते ‘पापनाशम’ म्हणण्यासारखे आहे. रिमच्या बैठकीचा व्यास, आसाची जाडी, हबची रुंदी, मागच्या हबचा प्रकार आणि ब्रेकची जागा, या पाच गोष्टी कागदावर लिहून नेल्या की पत्ता पूर्ण होतो.